दाखल्यावरचं ‘लोकल बोर्ड’ म्हणजे नेमकं काय होतं?

२०२३च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि गावोगावच्या शाळांमधली पत्र्याची कपाटं उघडली गेली. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम चालू होतं, आणि घरोघरी एकच धांदल होती: आजोबांचा, पणजोबांचा शाळेचा दाखला मिळतो का. जात पडताळणीसाठी जुने कागद धुंडाळणाऱ्यांना ही धांदल नवी नव्हतीच. दाखला मिळाला, जातीचा रकाना वाचून झाला, की नजर वर जायची. तिथे जांभळ्या शाईत शिक्का: ‘जिल्हा लोकल बोर्ड’.

आमच्या पुतण्याने विचारलं, “काका, लोकल म्हणजे मुंबईची, आणि बोर्ड म्हणजे दहावीचं. मग हे लोकल बोर्ड काय?” प्रश्न रास्त होता. ज्या संस्थेने आपल्या आजोबांना बाराखडी शिकवली, गावचा रस्ता केला आणि ओढ्याकाठची धर्मशाळा बांधली, ती संस्था १९६२ साली संपली. आज तिचं नाव फक्त जुन्या कागदांवर आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलं आहे. “आम्ही बोर्डाच्या शाळेत शिकलो,” असं ऐंशीच्या घरातला माणूस म्हणतो तेव्हा तो याच बोर्डाबद्दल बोलत असतो.

एका आण्याची पट्टी

गावजत्रेला घरटी पट्टी काढतात, तिथून सुरुवात करू. ज्याची शेती मोठी त्याची पट्टी मोठी. जमलेल्या पैशातून मांडव, तमाशा, कुस्त्यांचं इनाम. जत्रा संपली की पंच देवळात बसून हिशेब वाचून दाखवतात.

इंग्रज सरकारने १८६३ पासून मुंबई इलाख्यात अशीच एक पट्टी बसवली. शेतकरी सरकारला जो शेतसारा भरायचा, त्यातल्या प्रत्येक रुपयावर एक आणा जादा. १८६९ साली त्याचा रीतसर कायदा झाला. तेव्हा रुपयाचे आणे सोळा, म्हणजे ही वाढ सव्वासहा टक्के. मूळ करावर चढवलेल्या अशा जादा कराला उपकर म्हणतात, आणि त्यातून जमलेल्या पैशाला ‘लोकल फंड’ हे नाव पडलं. साधारण दोन वाटे रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांना, एक वाटा शाळांना, अशी त्याची वाटणी असे.

या फंडाचे बाकीचे झरेही पाहण्यासारखे आहेत. रस्त्यावरचे टोलनाके, नदीवरच्या होड्यांचं उतारभाडं, मुसाफरी बंगल्यांचं भाडं, शाळांची फी, आणि कोंडवाडे. दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात जायचं आणि मालक दंड भरून सोडवायचा. तो दंड लोकल फंडात. एखाद्या वळूला गावच्या विकासाचा आधारस्तंभ म्हणायला हरकत नव्हती.

जत्रेच्या पट्टीत आणि या पट्टीत फरक एकच, पण तोच महत्त्वाचा. इथे हिशेब वाचून दाखवणारे पंच गावचे नव्हते. पैसा गावच्या मातीतून निघायचा आणि तो कुठे खर्चायचा हे जिल्ह्याचा कलेक्टर ज्या समितीचा प्रमुख असे ती समिती ठरवायची. किल्ली कुणाच्या कमरेला, या एकाच प्रश्नाभोवती पुढचा सगळा इतिहास फिरतो.

रिपनसाहेबांनी काय दिलं

१८ मे १८८२ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने एक ठराव प्रसिद्ध केला. लोकांनी आपला गावजिल्ह्याचा कारभार आपण करायला शिकावं, असा त्याचा आशय. अशा कारभारासाठी निवडलेल्या मंडळाला आपण स्थानिक स्वराज्य संस्था म्हणतो. ठरावामागे तत्त्व होतं, तसा व्यवहारही होता. रस्ते आणि शाळांचा खर्च सरकारी तिजोरीतून स्थानिक पैशावर ढकलायचं धोरण १८७० मध्ये आधीचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या काळातच सुरू झालं होतं. खर्च लोकांवर टाकायचा तर थोडा मान लोकांना देणं भागच होतं.

त्या ठरावावरून मुंबई इलाख्यात १८८४चा लोकल बोर्ड कायदा आला. प्रत्येक तालुक्याला तालुका लोकल बोर्ड, त्यावर जिल्हा लोकल बोर्ड. काही सभासद निवडलेले, काही सरकारने नेमलेले. मत सगळ्यांना नव्हतंच. जमीनजुमला, इनाम, मानाचं पद असलेल्या मोजक्यांचा तो खेळ होता. आणि अध्यक्ष? जिल्ह्याला कलेक्टर, तालुक्याला प्रांत किंवा मामलेदार.

जुन्या घरात सासूबाई नव्या सुनेला म्हणायच्या, “आता स्वयंपाकघर तुझं.” सून हरखायची. मग कळायचं की कोठीच्या खोलीची किल्ली सासूबाईंच्याच कनवटीला आहे, तेल-तूप मोजून मिळणार. १८८४चं बोर्ड म्हणजे हे स्वयंपाकघर.

तरीही हा सगळा देखावाच होता, असं मी म्हणणार नाही. सभेची नोटीस, कार्यक्रमपत्रिका, सूचक आणि अनुमोदक, ठरावावर मत, इतिवृत्तात नाव: हा सगळा व्यवहार जिल्ह्यातल्या माणसांनी पहिल्यांदा इथे पाहिला. कलेक्टरसमोर खुर्चीवर बसून “आमच्या भागातली विहीर का झाली नाही” असं विचारता येतं, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

बोर्डाची हद्द कुठून कुठवर?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, कारण जिल्हा आणि जिल्हा लोकल बोर्ड यांची हद्द एक नव्हती. जिल्ह्याच्या नकाशातून नगरपालिकांची गावं आणि लष्करी छावण्या कापून काढा. उरलं ते बोर्डाचं. म्हणजे पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या हद्दीत पुणे शहर नाही आणि बारामतीची नगरपालिकाही नाही. भोवतालची खेडी मात्र आहेत. चाळणीसारखा नकाशा म्हणा ना, भोकं शहरांची आणि जाळी खेड्यांची.

ही भोकं तेव्हापासून वाढतच आली. एखादं खेडं नगरपालिका झालं की बोर्डाच्या हद्दीतून निसटायचं. आजही तेच चालू आहे. पुण्याभोवतीची ११ गावं २०१७ मध्ये आणि २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत गेली, तेव्हा तिथल्या माणसांना कालपर्यंतचा जिल्हा परिषद सदस्य एका अधिसूचनेने नाहीसा झालेला दिसला. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीने तर महापालिका पाहिली, नको म्हटलं आणि २०२४ मध्ये स्वतःची नगरपरिषद मिळवली.

१९२३: किल्ली हातात आली

पहिल्या महायुद्धानंतरच्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खातं प्रांतातल्या भारतीय मंत्र्यांकडे आलं. मग १९२३चा नवा लोकल बोर्ड कायदा. मतदारांची संख्या वाढली, निवडलेल्या सभासदांचं पारडं जड झालं, आणि कलेक्टरच्या खुर्चीत निवडलेला बिनसरकारी अध्यक्ष बसू लागला. त्याच साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा होऊन शाळाही मोठ्या प्रमाणात बोर्डांच्या ताब्यात आल्या.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात जिवंत काळ हाच. शेतसारा भरणाऱ्याला मत मिळालं, म्हणजे शेतकऱ्याला मिळालं. ब्राह्मणेतर चळवळीने जाग्या केलेल्या बहुजन शेतकरी घरांतली माणसं बोर्डांवर निवडून येऊ लागली. वकील आणि इनामदारांच्या शेजारी पटकेवाले बसले. पुढे महाराष्ट्राचं राजकारण ज्यांनी चालवलं त्यांच्यातल्या अनेकांची तालीम याच आखाड्यात झाली. पाटणचे बाळासाहेब देसाई मंत्री होण्याआधी सातारा जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष होते. शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. डिसेंबर १९४० मध्ये अवघ्या तीन दिवसांच्या तान्ह्या मुलाला घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला हजर झाल्या, ही आठवण त्या मुलाने, म्हणजे शरद पवारांनी, अनेकदा सांगितली आहे.

पण हे बोर्ड सगळ्यांचं होतं का? नव्हतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात ठरलं की सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. लोकल बोर्डं या व्याख्येत सरळ बसतात. कागदावर विहीर खुली झाली, पण पोहऱ्यापर्यंत ती खुली झाली नाही. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला होता, तरी २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांना तिथे सत्याग्रह करावाच लागला. बोर्डाच्या सभेत हात वर करणं एक आणि विहिरीच्या काठावर सवर्ण शेजाऱ्याला सामोरं जाणं वेगळं, हे त्या दशकाने दाखवून दिलं. शेतसारा भरणाऱ्याला मत, यात ज्याच्याकडे जमीनच नाही तो मुळात बाहेर राहिला, हेही विसरून चालणार नाही.

मग सगळं बिघडलं कसं?

एका फटक्यात काही बिघडलं नाही. घरातली भांडी एकेक करून मोडीत जावीत तसं झालं.

१९३८ मध्ये तालुका लोकल बोर्डं बंद झाली. कारण साधं होतं. त्यांना स्वतःचं उत्पन्न नव्हतं, जिल्हा बोर्ड देईल त्यावर निभवायचं. खिशात दमडी नसलेल्या मंडळाच्या निवडणुका कशासाठी, असं सरकारला वाटलं. ते चूक होतं असं म्हणवत नाही, पण तालुक्याच्या माणसासाठी कारभार एकदम दूर गेला. संगमनेरच्या माणसाने रस्त्याच्या खड्ड्यासाठी नगर गाठायचं.

त्याच वर्षी शाळांवरचा बोर्डाचा ताबाही आवळला गेला. बोर्डाच्या राजकारणात शिक्षक भरडला जातो, विरोधी गटाच्या गुरुजींची बदली लांबच्या वाडीवर होते, ही तक्रार सर्रास होती. उपाय म्हणून सरकारने शाळांसाठी आपला अधिकारी बसवला, आणि १९४७च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा स्कूल बोर्ड या वेगळ्या मंडळाकडे गेल्या. म्हणून काही दाखल्यांवर ‘लोकल बोर्ड’ दिसतं आणि त्याच शाळेच्या पुढच्या दाखल्यांवर ‘स्कूल बोर्ड’. एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावाच्या दाखल्यांवर वेगळे शिक्के निघाले, तर घाबरायचं कारण नाही.

२ ऑक्टोबर १९५२ला देशभर सामुदायिक विकास योजना सुरू झाली. गट विकास अधिकारी आले, जीप आली, बियाणं-खताची कामं आली. ही सगळी सरकारची, बोर्डाची नव्हेत. खालून ग्रामपंचायती वाढत होत्या. मधल्या बोर्डाकडे काही रस्ते, काही दवाखाने आणि तुटपुंजा उपकर एवढंच उरलं.

सगळ्या महाराष्ट्रात हेच होतं का?

नाही, आणि कागद शोधताना इथेच माणसं अडतात. वर सांगितलं ते जुन्या मुंबई इलाख्याचं. त्यात पुणे, सातारा, नाशिक, खानदेश, कुलाबा (आजचा रायगड), रत्नागिरी तर होतेच, शिवाय आज कर्नाटकात असलेले बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हेही होते. कोल्हापूर, सांगली यांसारख्या संस्थानांना हा कायदा लागू नव्हता. त्यांचा कारभार त्यांचा. साताऱ्याशेजारच्या चिमुकल्या औंध संस्थानाने तर १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने कारभार खेड्यांच्या पंचायतींवर उभा केला. बोर्डापेक्षा कितीतरी धाडसी प्रयोग होता तो.

विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. तिथे १९४८ मध्ये तहसीलवार ‘जनपद सभा’ निघाल्या. मुंबई इलाख्याने तालुक्याचं मंडळ मोडून जिल्ह्याचं ठेवलं, मध्य प्रांताने बरोबर उलट केलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथे जिल्हा बोर्डांची हैदराबादी घडी होती आणि दप्तर बरंचसं उर्दूत.

१ मे १९६०ला महाराष्ट्र झाला तेव्हा तीन घरांतली माणसं एका घरात राहायला आली होती. भांडी वेगळी, मापं वेगळी, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. एक काहीतरी ठरवणं भाग होतं.

१ मे १९६२: बोर्डावर पडदा

देशाच्या पातळीवर बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तीन पायऱ्यांची शिफारस केली होती: गाव, गट आणि जिल्हा, त्यात गट सगळ्यांत महत्त्वाचा. महाराष्ट्राने २७ जून १९६० रोजी तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली आपली समिती नेमली. तिने पुढच्या मार्चमध्ये २२६ शिफारशींचा अहवाल दिला. पायऱ्या तीनच ठेवल्या, पण वजन गटावर न टाकता जिल्ह्यावर टाकलं. शिक्षण, आरोग्य, रस्ते हे सगळं पेलायला गट फार लहान पडेल, असा विचार त्यामागे होता.

त्यावरून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला. १ मे १९६२ रोजी मुंबई वगळून राज्यातल्या २५ जिल्ह्यांत जिल्हा परिषदा आल्या. लोकल बोर्डं, स्कूल बोर्डं, जनपद सभा, सगळी त्यात विरून गेली.

“म्हणजे पाटी बदलली, दुकान तेच?”

ही शंका मला अनेकांनी विचारली आहे. उत्तर: दुकान बरंच मोठं झालं. लोकल बोर्डाने कधी पाहिली नव्हती इतकी खाती परिषदेकडे आली. प्राथमिक शाळा परत आल्या, शेती, पशुसंवर्धन, आरोग्य केंद्रं आली. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवलं गेलं. परिषदेसाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला आणि त्याने निवडलेल्या सभागृहाचं ऐकायचं, अशी मांडणी झाली. आमदार-खासदारांनाही सदस्य केलं नाही. सरकारच्या कनवटीला उरलेली किल्ली कायद्याने काढून टेबलावर ठेवली, असं १९६२चं वर्णन मी करीन.

पण शेतसाऱ्यावरचा उपकर? तो राहिला. तलाठ्याकडची जमीन महसुलाची पावती नीट पाहा, त्यात जिल्हा परिषदेचा उपकर दिसेल. १८६३च्या त्या एका आण्याचा हा पणतू. रक्कम आता इतकी किरकोळ की त्यातून वर्गाला खडू पुरणार नाहीत. परिषद चालते ती सरकारी अनुदानावर, आणि अनुदान देणारा अटीही घालतो. १९७०च्या दशकात जिल्हा नियोजन मंडळं आली, पालकमंत्री आले, आणि किल्ली टेबलावरून हळूहळू पुन्हा सरकू लागली.

“थेट ग्रामपंचायतीला पैसा येतो, मग मधली परिषद कशाला?”

हा आक्षेप बिनबुडाचा नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामीण भागाचा सगळा निधी ग्रामपंचायतींना दिला. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कोरड्या राहिल्या. पंधराव्या आयोगाच्या वेळी महाराष्ट्रात ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के वरच्या दोघींना अशी वाटणी झाली. गावाची गटारं गावाने करावीत हे बरोबरच. पण रस्ता पाच गावांतून जातो, प्राथमिक आरोग्य केंद्र वीस-पंचवीस गावांना लागतं, शिक्षकाची बदली एका गावात बसून ठरत नाही. सामाईक बांध ज्याच्या त्याच्यावर सोडला की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

खरी गोम दुसरीकडे आहे. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या, आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. या काळात शाळा चालल्या, पगार झाले, रस्त्यांची टेंडरंही निघाली. म्हणून काही जण म्हणतात, “काय अडलं?” १८९० साली कलेक्टर अध्यक्ष असतानाही बोर्डाचे रस्ते होत होतेच. अडत होती ती एकच गोष्ट: आमच्या भागातली विहीर का झाली नाही, असं खुर्चीवर बसून विचारणारा माणूस.

कागद शोधत असाल तर

पश्चिम महाराष्ट्र, खानदेश किंवा कोकणात लोकल बोर्डाच्या शाळेचं दप्तर आज बहुधा त्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेत असतं. मुख्याध्यापकांकडे ‘जनरल रजिस्टर’ मागा, तेच प्रवेशनोंदीचं पुस्तक. शाळा बंद किंवा विलीन झाली असेल तर केंद्रशाळेत आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा. गाव पुढे शहरात गेलं असेल तर महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या, दोन्ही शिक्षण विभागांत जावं लागेल. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील, तेव्हा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मात्र बोर्डाच्या नव्हेत, महसूल खात्याच्या. त्यांच्यासाठी तहसील कार्यालयात गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक.

विदर्भातल्या दाखल्यावर ‘जनपद सभा’ दिसली तर तो कागद १९४८ नंतरचा समजा. मराठवाड्यात उर्दू वाचणारा माणूस सोबत न्या.

पुतण्याला हे सगळं सांगून झाल्यावर त्याने दाखला पुन्हा उलटसुलट पाहिला. म्हणाला, “काका, इथे शाळा सोडण्याचं कारण लिहिलंय: गुरे राखण्यासाठी.”